पाथरीसाठी कामठ्याला

निघाले होते नागझिऱ्याचा वाघ बघायला आणि परतले एका तणाच्या प्रेमात पडून! आधीच सांगून टाकते, म्हणजे वाघाची वाट बघत कुणी शेवटपर्यंत बसायला नको.

गोंदियाला उतरले तेव्हा हवेत मस्त गारठा होता. माझी मैत्रीण वैशाली बाळंतपणासाठी माहेरी, दवनीवाड्याला आलेली. तिला आणि बाळाला भेटायचं, मुक्काम करायचा आणि मग जंगल गाठायचं, असा बेत. ऑटोवाल्याला तो मुळीच पटला नाही. "दवनीवाडा? वहाँ देखने को क्या है, मॅडम? धानच धान!"

धानसुद्धा कापून झालं होतं. बांध्यांमध्ये (बांधी म्हणजे धानाचं शेत) आता कोवळी लाखोरी (लाखेच्या डाळीचं पीक) डोलत होती. वैशालीचे बाबा, नामदेवकाका, रस्त्यावरच भेटले. हातातली पिशवी काढून घेत त्यांनी मला आधी शेत दाखवलं. "पाहा आमचा धुरा. एक कचरा दिसते का?" धुरा म्हणजे शेताचा बांध. तणनाशक मारून त्यांनी तो अगदी बोडका करून टाकला होता. मी कौतुक केलं. ते खूश झाले.

घरात मात्र रंग वेगळा होता. बाळ भुकेनं टाहो फोडत होतं आणि वैशाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. ताट तसंच. "दूध पुरून नाई राहिलं," काकू मला म्हणाल्या. "नर्सबाई सांगून गेल्या, बाळाले घडीघडी पाज आन् तू पोटभर जेव. हे तं घासच नाई घेत!"

"मले पाथरीची भाजी पाहिजे," वैशाली रडवेली होऊन म्हणाली. "दुसरं काहीच जात नाही गं."

पाथरी म्हणजे काय, ते काकूंनी मला सांगितलं. जमिनीला चिकटलेली पानं, पिवळं फूल, कापसासारखं उडणारं बी, पान तोडलं की पांढरा चीक. धुऱ्यावर आपोआप उगवते आणि कितीही उपटा, हटत नाही. बाळंतिणीला तिनं दूध येतं, असं इकडे मानतात. हे सांगता सांगता काकू थांबल्या आणि आम्ही सगळ्यांनी एकदम काकांकडे पाहिलं. काका छपराकडे बघू लागले.

"कामठ्याले बाईकडे असंल," काकू म्हणाल्या.

बाई म्हणजे काकांची थोरली बहीण, वैशालीची आत्या. ती कधीच फवारत नाही. दिवाळीत काका चारचौघांत बोलून बसले होते, "बाईच्या बांधीत धान कमी न् कचरा जास्त!" तेव्हापासून बोलणं बंद.

"मी नाई जात," काका म्हणाले. बाळ पुन्हा रडायला लागलं. काकांनी गाडीची किल्ली उचलली. "पोरी, तू बी चाल. पाहुनी असली तं ते शिव्या कमी देईल."

मला काय, आनंदच! गाडीवर थंडीनं कान बधिर झाले, पण वाटेतली तळी, त्यातले बगळे, काय सांगू! काका मध्येच टपरीवर थांबले. मी आलूबोंडा तर्रीत (तिखट लाल रश्शात) बुडवून खाल्ला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. काकांनी दुसरा चहा मागवला, मग तिसरा. "काका, चला आता!" मी ओरडलेच.

आत्या अंगणात तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं. "काऊन आलास?"

"पोरीसाठी पाथरी पाहिजे होती."

"कोनती पाथरी? तो कचरा?"

"हो बाई."

"मोठ्यानं बोल. पाहुनीले ऐकू नाई आलं."

"आलं हो ऐकू!" मी म्हणाले.

"तू चूप बस." मग काकांनी घरची हकिगत सांगितली, आणि आत्यांनी सूप बाजूला फेकलं. "पोर उपाशी हाय न् तू मले आत्ता सांगून राहिलास?"

त्यांच्या धुऱ्यावर पिवळी फुलंच फुलं! मी तर टाळ्याच वाजवल्या. काका उकिडवे बसले आणि हात सवयीनं बुडाशी गेला. खसकन रोप मुळासकट वर! आत्यांनी फाटकन चापट मारली. "निंदाले (तण काढायला) आलास का भाजी खुडाले? पानं घे, बूड ठेव!" काकांनी मान डोलावली आणि पुढचंही मुळासकट उपटलं. जन्मभर तण काढलेला हात तो, ऐकतोय कशाचा! शेवटी ते डाव्या हातानं बूड दाबून धरून उजव्यानं पानं खुडू लागले. मी हसता हसता चिखलात बसले.

परतताना आत्याही गाडीवर चढल्या. तिघं एका गाडीवर, वर भाजीची पिशवी माझ्या डोक्यावर! घरी येताच त्यांनी लसणाची फोडणी देऊन मूगडाळीत पाथरी शिजवली. मी चाखली. कडू, पण हात थांबेना. वैशालीनं गरम भाताबरोबर वाटीभर खाल्ली आणि म्हणाली, "अजून आहे?" काकूंनी पदर डोळ्यांना लावला. एक-दोन दिवसांत बाळ पिऊन निवांत झोपायला लागलं. पाथरीनं, पोटभर जेवणानं की आत्याच्या शिव्यांनी, ते देव जाणे. नागझिरा राहूनच गेला.

निघायच्या दिवशी तोंड धुवायला मागच्या दारी गेले, तर न्हाणीच्या पाण्याशी काका पाठमोरे बसलेले. मुळासकट उपटलेली ती पाथरीची रोपं त्यांनी खिशात लपवून आणली होती! इथं लावलेल्या एकेका रोपाला लोट्यानं पाणी घालत होते. मला पाहून दचकले. "बाईले सांगू नको."

आता मी घरी आहे. काल वैशालीचा फोन आला. बाळानं बाळसं धरलंय. मी विचारलं, काका काय म्हणतात? ती हसतच सुटली. "बाबा ना? परसात कुंपण घालून राहिले. पाथरीले शेळ्या खातात म्हणे."