जत्रेचं आवतण

वडगावात सत्यवतीआक्कांच्या तोंडाला लागायला यंत्रमागवाले बिचकतात. हिंडलग्याच्या तुरुंगात कैद्यांना माग शिकवायला त्या जातात आणि कुणी सुटला की त्याच्या कामासाठी शेडोशेडी फिरतात. "सरकारनं दिलेली शिक्षा भोगली न्हवं त्यानं? मग तुम्ही आणि कसली देताय?" हा त्यांचा सवाल. कैद्यांच्या मजुरीसाठी तुरुंगाच्या साहेबांशी भांडतानाही त्यांचा आवाज खाली येत नाही. मला त्यांचा अभिमान वाटायचा, आणि थोडी धास्तीही, कारण शेड आमचीही आहे.

सुटणाऱ्या प्रत्येकाला त्या बजावत, "काम कुठं शिकलास म्हणून इचारलं तर जेलात म्हणायचं. मान खाली घालायची न्हाय." वर आमच्या रीतीप्रमाणे आवतणही देत, "मंगाईच्या जत्रेला घरी ये जेवायला." जत्रेचं आवतण आम्ही बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही देतो. कोण येतंय एवढ्यावर?

यंदा भरमा आला. मारामारीत त्याच्या हातून एकाचा जीव गेला होता. शिक्षा संपवून नुकताच सुटला होता. नवा सदरा, हातात देवीसाठी नारळ.

नेमके तेव्हाच सोप्यात शहापूरचे मारुतीराव बसले होते. त्यांच्या मुलाशी आक्कांच्या लेकीचं, सौम्याचं, जुळत आलं होतं, सुपारी तेवढी फुटायची होती. मी शेजारची, वाढायला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं.

"ये रं," आक्का म्हणाल्या; पण त्याचं ताट मांडलं ते आत मागाच्या खोलीत.

"कोण पाहुणा?" मारुतीरावांनी विचारलं.

"मागावरचा गडी हाय आमचा." आक्का इतक्या हळू बोलतात हे मला माहीतच नव्हतं.

मारुतीराव जातीचे विणकर. जेवण झाल्यावर त्यांचे पाय आपसूक मागाकडे वळले. भरमा हात धुऊन उभा होता. त्यांनी सहज विचारलं, "काम कुठं शिकलास रं?"

भरमानं मान वर केली. उंबऱ्यात आक्का पळी घेऊन उभ्या होत्या. त्यानं त्यांचा चेहरा पाहिला.

"हितंच," तो म्हणाला. "आक्कांच्या घरात." आणि मान खाली घातली.

तो गेल्यावर आक्का मोरीत जाऊन भांडी घासत बसल्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "माझी लाज राखली गं त्यानं. लई लाज वाटतीया."

सौम्याची सुपारी फुटली. नंतरच्या आठवड्यात आक्का भरमासाठी काम मागायला आमच्या शेडवर आल्या. आमचे हे नेहमीसारखे म्हणाले, "सध्या जागा न्हाय आक्का." मी भांडणाची वाट बघत उभी राहिले.

आक्का "बरं" म्हणाल्या आणि परत गेल्या.