नव्याण्णववरचा साप

रविवारी दुपारी मी, नवरा आणि आमची सहा वर्षांची ईरा फरशीवर पट मांडून सापशिडी खेळत होतो. ईराची सोंगटी सत्त्याण्णववर होती. नव्याण्णववर एक लांबलचक साप, थेट सातपर्यंत उतरणारा. तिने फासा टाकला. दोन पडले.

तासभर खेळून मी कंटाळले होते. फासा पटकन उचलून मी म्हणाले, "तीन! जिंकलीस की गं!" आणि तिची सोंगटी शंभरावर ठेवलीसुद्धा.

"आई, दोन पडले होते," ईरा म्हणाली. तिने सोंगटी नव्याण्णववर आणली आणि सापाच्या अंगावरून, प्रत्येक वळण घेत, सावकाश सातपर्यंत नेली. चेहरा अगदी खुललेला. "आता आपल्याला खूप वेळ खेळता येईल ना?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

मुलांना मुद्दाम जिंकू देताना आपण स्वतःवर किती खूश असतो! मलाही वाटलं होतं, हिला जिंकायचंय. तिला तर आम्ही दोघं असे मांडी घालून शेजारी बसलेले हवे होतो. आणि मी तिच्या हातात शंभर ठेवून तिथून सुटू पाहत होते.

"आई, तुझा नंबर," म्हणत तिने फासा माझ्या तळहातावर ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला जरा बरं वाटलं असतं.