आत्याचा तांब्या

मी शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येणं, दृष्टांत, गेलेलं माणूस दिसणं... असलं कुणी सांगायला लागलं की मी चहा ठेवायला उठते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. आम्ही नाशिकला कॉलेज रोडवर राहायचो. जेवण झालं की थोड्या वेळाने आईच्या पोटात पिळवटून कळ यायची, कधी उलटी व्हायची, मग काही दिवस अगदी ठणठणीत. त्यामुळे कुणी फारसं मनावर घेईना.

सायखेड्याची आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, म्हणायची, "सुमन, तुझी बेंबी सरकली हाय. बाकी काय नाय." ती येताना पितळी तांब्या घेऊनच यायची. आईच्या बेंबीवर पेटती वात ठेवून वर तांब्या उपडा घालायची. वात विझली की तो पोटाला घट्ट चिकटायचा — का चिकटतो, ते मी आठवीला शिकवतेच. आईला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

मग आत्याच हृदयविकाराने गेली. शेवटच्या भेटीत माझा हात धरून म्हणाली, "सुमनचं पोट माझ्या हाताला लागलं नाय गं. कुठंतरी चुकतंय माझं."

त्यानंतर आई झपाट्याने वाळली. पांढरीफटक पडली, जिना चढताना धाप लागायची, शौचाला काळं व्हायचं. ॲडमिट केलं. रक्त खूपच कमी निघालं. सोनोग्राफी झाली, दुर्बीण तोंडावाटे घातली, खालूनही घातली. सगळं नॉर्मल! डॉक्टरांनी विचारलं, "टेन्शन घेता का?"

"घेत नव्हते," आई म्हणाली, "आता घेते."

दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज होता. आई डोळ्यांसमोर संपत चालली होती आणि रिपोर्ट चांगले होते... मला फार भीती वाटत होती.

त्या दुपारी आई झोपली होती. मी शेजारी स्टुलावर जागीच होते, दार लोटलेलं, आत कुणीही आलं नाही. आई जागी झाली आणि म्हणाली, "आक्का गेल्या का?"

"कोण आक्का?"

"तुझी आत्या. आत्ता तांब्या लावला ना. म्हणाल्या, बेंबी सोड सुमन, इथं हाय."

तिने पदर बाजूला केला. बेंबीच्या डावीकडे लालबुंद गोल वळ होता, तांब्याच्या तोंडाएवढा. मी उठून दाराबाहेर पाहून आले.

संध्याकाळी सर्जन राउंडला आले आणि मलाच रागावले, "वॉर्डात हे प्रकार चालणार नाहीत." बोलता बोलता त्यांनी त्या वळाच्या आत बोटं दाबली. थांबले. पुन्हा दाबली. मग सिस्टरला म्हणाले, "यांचा डिस्चार्ज थांबवा."

बेरियम पाजून एक्स-रे काढले. लहान आतड्यात गाठ होती. सर्जननी समजावलं — एक दुर्बीण वरून येते, एक खालून, मधलं लांबच लांब आतडं दोन्हींना दिसत नाही. गाठ मधूनच वाट अडवते, म्हणून कळ येते-जाते, आणि रक्त थोडं थोडं झिरपत राहतं. गाठ वाईटच होती, पण पसरलेली नव्हती. ऑपरेशन झालं, आई वाचली.

नंतर मी सायखेड्याला जाऊन आले. तांब्या माळ्यावर होता, आत कोळिष्टकं. तांब्या पोटाला का चिकटतो हे मी कुणालाही समजावू शकते. तो वळ कुठून आला, हे मला आजही सांगता येत नाही.

आईने तांब्या मागून आणला. रोज त्यातूनच पाणी प्यायची. मी विषय काढला की म्हणायची, "आक्का हातात घेतलेलं काम अर्धं टाकायच्या नाहीत."