तीन नंबरचा माणूस

मी दामले सरांना चोर ठरवलं होतं. लेखी.

सर काल गेले. कालपासून जो तो त्यांच्या मृदू स्वभावाबद्दल लिहितोय. सर मृदू नव्हते. संशयी होते. तेच त्यांचं काम होतं आणि सहा वर्षं माझंही.

सीसीटीव्हीत चेहरा दिसत नसेल तर पोलीस ती टेप आमच्याकडे पाठवायचे. चाल बघून, हा संशयितच आहे का, ते आम्ही सांगायचो.

सदाशिव पेठेत एका दवाखान्याच्या वर दोन खोल्या. एक टीव्ही. आणि टीव्हीच्या वरच्या अर्ध्या भागावर चिकटवलेला पुठ्ठा.

पुठ्ठा सरांचा. "चेहऱ्यावरून संशय घ्यायला पोलीस आहेत. आपण कमरेपासून खाली."

आयटी कंपन्यांच्या काचेच्या बिल्डिंगा तेव्हा नुकत्याच उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीतून रविवारी दुपारी लॅपटॉपचं खोकं चोरीला गेलं. टेपमध्ये सिक्युरिटीचं जाकीट, टोपी, खाली घातलेली मान.

आणि लंगडणारा डावा पाय.

तिथला एक गार्ड डाव्या पायाने अधू आहे, असं दुसऱ्या गार्डने पोलिसांना सांगितलं. त्या अधू गार्डचं नाव मोरेश्वर. गोंदियाकडचा.

नमुना घ्यायला मी त्याला त्याच कॉरिडॉरमध्ये, त्याच कॅमेऱ्यासमोर चालवलं. तो मुद्दाम ताठ चालत होता. लंगडणं लपवत होता.

"नीट चाला," मी म्हटलं.

"नीटच चालून राहिलो ना जी."

लपवतोय, म्हणजे यानेच केलंय. नमुन्याच्या टेपवर तर तो लंगडताना दिसत होताच. मी त्याच दिवशी रिपोर्ट लिहिला. तीच व्यक्ती.

रिपोर्ट गेला की त्याला अटक होणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सरांनी सही केली नाही. चार दिवस थांबा, एवढंच म्हणाले. कारण नाही.

मला सरांचाच संशय आला. कुणीतरी भेटून गेलं असणार. नाहीतर माझं नाव रिपोर्टवर आधी येणं खुपत असणार. चार दिवस मी कामापुरतं बोलले.

पाचव्या दिवशी त्यांनी नवी टेप लावली. तोच कॉरिडॉर, तसंच जाकीट, तशीच टोपी, हातात खोकं. एकामागून एक चार माणसं. नावं नाहीत, नुसते नंबर. यातला चोर कोण ते लिहून द्या, म्हणाले.

पुठ्ठा होताच. मी तीनदा बघितलं.

तीन नंबर. डावं पाऊल बाहेर वळलेलं, पावलं आखूड, लंगडणं तेच. लिहिलं. तारीख घालून सही ठोकली.

सर मला एरवी 'बाई' म्हणायचे. मी चुकले की 'मॅडम'.

"मॅडम, तीन नंबर मी आहे."

जिन्यावरच्या पावलांवरून सरांचा मूड ओळखणारी मी.

मोरेश्वर त्या टेपमध्ये नव्हताच.

मग सरांनी तीच टेप थांबवत थांबवत दाखवली. चारही जण लंगडत होते. कॅसेट जास्त दिवस पुरावी म्हणून कंपनीने रेकॉर्डर सेकंदाला मोजकीच चित्रं घेईल असा लावला होता. एक पाऊल पुरतं दिसायचं, दुसरं अर्ध्यात गायब.

"इथून कमिशनर साहेब गेले तरी लंगडतील. कॅमेरा लंगडा आहे."

"पण तो लपवत होता," मी म्हटलं.

"का, ते विचारलंत?"

नव्हतं विचारलं. सरांनी विचारलं होतं. नोकरी मिळवताना त्याने पाय धड आहे असं सांगितलं होतं. मी त्याला चालवत होते तेव्हा त्याला नोकरीवर ठेवणाऱ्या सिक्युरिटी एजन्सीचा सुपरवायझर कोपऱ्यात उभा होता. त्याच्यासाठी तो ताठ चालला होता. माझ्यासाठी नाही.

"म्हणजे त्याने चोरी केली नाही?"

"असं मी कुठे म्हटलं? केलीही असेल. आपल्याला सांगता येत नाही. तेवढंच लिहा."

तेवढंच लिहिलं. दोघांनी सही केली. मोरेश्वरला अटक झाली नाही.

चोर कोण ते मला आजही माहीत नाही. मोरेश्वर असूही शकतो.

आज सकाळी वैकुंठ स्मशानभूमीत गर्दीत पुढे एक पाठमोरा माणूस होता. डावा पाय ओढत चाललेला. वयही जुळत होतं.

मोरेश्वर. शंभर टक्के. इथे काय लिहायचं तेही मनात तयार झालं. इतक्या वर्षांनी आला, वगैरे.

मग गर्दीतून वाट काढून त्याच्या समोर जाऊन उभी राहिले.

"आपण मोरेश्वर का?"

"नाही हो. मी सरांचा शेजारी. नवी चप्पल चावतेय."

सर, अजूनही चुकते. पण आज लिहिण्याआधी विचारलं.

श्रद्धांजली. 'भावपूर्ण' लिहीत नाही. तुम्ही पुरावा मागितला असता.