हवेतला लेथ

पाण्याचा माठ फुटला होता. फोरमन सावंत गुडघ्यापर्यंत भिजले होते. माझा विद्यार्थी काशिनाथ भोईर हातात चावी घेऊन लेथसमोर उभा होता आणि माझ्याकडे बघत होता.

"ह्याला कोणी शिकवलं?" सावंतांनी विचारलं.

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. मी. ते मी दिलं नाही. मी म्हणालो, "मुलगा डावखुरा आहे."

काशिनाथ डावखुरा नव्हता. त्याच्या घरातही कोणी डावखुरं नव्हतं. पण माझ्या त्या एका वाक्यामुळे पुढचे तीन आठवडे त्याला जेवायलासुद्धा डावा हात वापरावा लागला. हे सगळं कसं झालं ते सांगतो. त्यात मला कुठेच चांगला माणूस म्हणून दिसता येणार नाही, हे आधीच कबूल करतो.

मी तेव्हा ठाण्याच्या एका हायस्कुलात टेक्निकल साइडला शिकवत होतो. टेक्निकल साइड म्हणजे पुस्तकी विषयांबरोबर सुतारकाम, फिटिंग, मशीनकाम शिकवणारे वर्ग. नुकतेच सुरू झाले होते. मॅट्रिक झाल्यावर प्रत्येक मुलाने कारकुनीच शोधू नये, कारखान्यातही शिरावं, हा हेतू. मी स्वतः रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम शिकलेला. लेथ मला झोपेतही चालवता आला असता. अडचण अशी होती की शाळेत लेथ असून नव्हता.

सरकारी मदतीतून तो आला होता. मोठ्या लाकडी खोक्यात. हेडमास्तरांनी ठरवलं की कोणी बडी असामी येऊन उद्घाटन करेपर्यंत खोका उघडायचा नाही. एक पाहुणे ठरले. खोक्याला झेंडूचा हार घातला. पाहुणे आले नाहीत. दुसरे ठरले. हार बदलला. तेही आले नाहीत. असं करत वर्ष सरत आलं. दसऱ्याला हेडमास्तरांनी खोक्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि वर्कशॉपला पुन्हा कुलूप लावलं.

"सर, निदान एकदा मुलांना दाखवू या," मी म्हणालो.

"उद्घाटनाआधी? अहो, मुंजीआधी लग्न लावता का?"

"पण मी शिकवू कशावर?"

"तुम्ही टेक्निकलचे शिक्षक. काहीतरी टेक्निक काढा."

मी काढलं. हवेतला लेथ.

लेथ म्हणजे लोखंड गरगर फिरवून त्याला आकार देणारं यंत्र. कामगाराच्या डाव्या हाताला चक असतो, म्हणजे लोखंडाचा तुकडा पकडून ठेवणारा पोलादी पंजा. त्या तुकड्याला आम्ही जॉब म्हणतो. चकमध्ये चावी घालून जॉब आवळायचा. मग समोरची दोन हँडलं. डाव्या हाताच्या हँडलने धारदार टूल जॉबच्या कडेने सरकतं, उजव्या हाताच्या हँडलने ते जॉबमध्ये घुसतं. कुठल्या हाताने, कुठल्या दिशेला, किती, एवढंच सगळं शास्त्र आहे.

ते मी कवायतीसारखं बसवलं. एक म्हटलं की चावी फिरवायची. दोन म्हटलं की टूल सरकवायचं. तीन म्हटलं की आत घ्यायचं. मी करायचो, मुलं माझ्याकडे बघून करायची. डावा-उजवा असे शब्द मी कधी उच्चारलेच नाहीत. लागलेच नाहीत. मी नुसतं म्हणायचो, "माझ्यासारखं करा."

आता वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी मुलांकडे तोंड करून उभा होतो.

हेडमास्तरांचा नियमच होता. शिक्षकाने वर्गाला पाठ दाखवायची नाही. फळ्यावर लिहितानासुद्धा ते आम्हाला तिरकं उभं राहायला लावत. त्यामुळे माझा डावा हात हलला की समोर मुलांचा उजवा हलायचा. मी चावी घड्याळाच्या काट्यांसारखी फिरवली की मुलं उलटी फिरवायची. आणि मला ते इतकं सुंदर दिसायचं! माझा हात खिडकीकडे गेला की वर्गातले सगळे हात खिडकीकडे. दाराकडे आला की सगळे दाराकडे. आरशात बघून माणूस खूश होतो, तसा मी वर्षभर खूश होतो. एकदा इन्स्पेक्टर आले. मुलांनी नसलेल्या लेथवर नसलेला जॉब असा काही कापला की इन्स्पेक्टर म्हणाले, "वा! आणि कचराही होत नाही."

काशिनाथ त्यात सर्वांत तरबेज. कळव्याचा मुलगा. वडील मिठागरावर राबणारे. मुलाने उन्हात मीठ ओढू नये, सावलीत मशीनवर उभं राहावं, एवढीच त्यांची इच्छा. मला भेटले की दर वेळी ते हेच सांगत आणि मी दर वेळी म्हणे, "काळजी सोडा. मुलगा तयार आहे."

मग कोलशेतच्या बाजूच्या एका कारखान्याने आमच्या शाळेतून एक उमेदवार घ्यायचं कबूल केलं. उमेदवार म्हणजे शिकाऊ कामगार. पगार थोडा, पण पुढे पक्की नोकरी. मी निवडक पाच मुलं घेऊन गेलो. पहिला काशिनाथ.

सावंत मालवणकडचे. तोंडात तंबाखू, बोलणं कमी. त्यांनी चकमध्ये एक सळई सैलसर अडकवली आणि म्हणाले, "आवळ."

काशिनाथने चावी घातली आणि झोकात फिरवली. जशी वर्षभर फिरवली होती तशी. सळई होती त्याहून सैल झाली. सावंत चुना मळत होते. त्यांनी न बघताच मशीन सुरू केलं. सळई सुटली, सावंतांच्या आणि माझ्या मधून गेली आणि कोपऱ्यातल्या माठात घुसली. कोणाला लागलं नाही, हे आमचं नशीब.

तेव्हा मी ते वाक्य बोललो.

"डावखुरा झाला म्हणून चावी उलटी फिरते?" सावंत म्हणाले.

"गोंधळतात सुरुवातीला."

"पुढचा पाठव."

पुढच्यानेही चावी उलटी फिरवली. या वेळी मशीन बंद होतं.

"हाही डावखुरा?"

"हो."

तिसरा आला. चौथा आला. पाचव्याला चावी हातात घेऊ न देताच सावंतांनी विचारलं, "मास्तर, तुमच्या शाळेत विहीर आहे?"

"आहे."

"तिचं पाणी बदला."

मला वाटलं, आता हाकलतील. हाकललं असतं तर बरं झालं असतं. पण सावंत थबकले आणि काशिनाथकडे नव्याने बघू लागले. "इकडे ये," म्हणाले, आणि त्याला शेडच्या टोकाला घेऊन गेले.

तिथे एक ग्राइंडर होता. लोखंडाला धार लावायचा. त्याच्या उजव्या अंगाला, अगदी चिकटून, छपराचा खांब. ग्राइंडर आधी की खांब आधी, ते कोणालाच आठवत नव्हतं. तिथे उभं राहणाऱ्या प्रत्येकाचं उजवं कोपर दिवसभर खांबावर आपटायचं. माणसं टिकत नव्हती.

"कित्येक वर्षं मी डावखुरा शोधतोय," सावंत म्हणाले. त्यांचा आवाज जवळजवळ हळवा झाला होता. "भोईर, तुला घेतला. तीन आठवड्यांनी कारखान्यात सत्यनारायण आहे. वडलांना घेऊन ये. पूजा झाली की कामावर उभा राहा."

परतताना काशिनाथ म्हणाला, "सर, मी डावखुरा नाय."

"माहीत आहे."

"मग?"

मी हेडमास्तरांकडे गेलो आणि त्यांना मात्र सगळं खरं सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, "आपल्या शाळेचा पहिला मुलगा कारखान्यात लागतोय. तो डावखुरा असायला हवा ना? मग करा."

"काय करा?"

"डावखुरा. तीन आठवडे आहेत."

मला लाज वाटते, पण मी ते केलं. काशिनाथला डाव्या हाताने लिहायला लावलं. डाव्या हाताने कानस चालवायला लावलं. सावंत कधी बघतील नेम नाही, म्हणून सगळंच डाव्या हाताने करायची सवय लाव, असं सांगितलं. मुलगा आज्ञाधारक. त्याने "सगळंच" हा शब्द खरा मानला. एक दिवस त्याचे वडील शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

"मास्तर, पोऱ्या डाव्या हातान जेवतं."

"हो का?"

"त्याचे आयशीनं ताट काढून घेतलं. बोलते, याला बाहेरचं काय लागलं काय. पोऱ्या बोलतं, सरांनी अभ्यास दिलाय. असा अभ्यास असते काय हो?"

"टेक्निकलचा आहे," मी म्हणालो.

त्या भल्या माणसाने मान डोलावली. "असंल. आमाला काय कलतं," म्हणाले आणि गेले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. उजव्या हातानेसुद्धा.

सत्यनारायणाच्या दिवशी शेड झाडून स्वच्छ केली होती. मशिनांना हार घातले होते, खांबालाही एक. कामगार जमिनीवर बसले होते. काशिनाथचे वडील धुतलेला सदरा घालून मागे बसले होते. कथा संपली, आरती झाली, भटजी तीर्थ द्यायला उठले. तीर्थ उजव्या हातावर घ्यायचं, हे आपल्याकडे बोलायला लागायच्या आधी मुलाला शिकवतात.

भटजी काशिनाथसमोर आले. सावंत शेजारीच उभे होते. काशिनाथने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात पुढे केला.

"उजवा," भटजी म्हणाले.

हात हलला नाही.

"अरे, उजवा हात कर! तीर्थ आहे!"

काशिनाथने उजवा हात मांडीखाली दाबून धरला. डावा पुढेच. पळी हवेत थांबली. सगळी शेड बघायला लागली. कोणीतरी हसलं. मागून कोणीतरी म्हणालं, "घरात काय शिकवलंय की नाय?"

त्याचे वडील उठले. त्यांची मान खाली गेली होती. ते पुढे आले, मुलाचा दंड धरला आणि हळू म्हणाले, "चल घरा. नको यो नोकरी. देवासमोर असा करायचा असंल तं मीठ बरा."

मुलगा उठला. एका वर्षाची त्याची मेहनत, त्या माणसाची सगळी इच्छा, शेडच्या दाराकडे चालायला लागली. आणि तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"सावंतसाहेब, हा मुलगा उजव्या हाताचा आहे. पाचही मुलं उजव्या हाताची आहेत. मी त्यांना समोर उभं राहून शिकवलं, म्हणून सगळं उलटं शिकली. डावखुरा वगैरे मी खोटं बोललो."

"आधी हात ठरवा, मग मला बोलवा," म्हणून भटजी पुढच्या माणसाकडे वळले.

सावंतांचा पहिला प्रश्न असा होता: "म्हणजे माझा खांब?"

"खांब आहे तसाच राहील."

ते खरोखर दुःखी झाले. मग काशिनाथला म्हणाले, "तुला ठाऊक होतं ना? मग आज देवासमोर डावा का पुढे केलास?"

"सरांनी सांगितलेलं," काशिनाथ म्हणाला.

हे तो तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही. म्हणूनच मला ते आजही ऐकू येतं.

"मास्तर, मी ह्याला खांबासाठी घेतला होता," सावंत म्हणाले. "आता कशासाठी घेऊ?"

उत्तर त्याच्या वडिलांनी दिलं. दारातूनच.

"सायेब, तीन आठवड्यान पोऱ्या डावा हात शिकला. उजवा तं त्याचा सोताचा हाय."

सावंतांनी तंबाखूची डबी काढली, उघडली, न खाताच बंद केली. "सोमवारी ये," काशिनाथला म्हणाले. "आधी लोखंडाचा कीस झाडायचा. हात सरळ झाले की मशीन. आणि मास्तर, माठ तुम्ही आणायचा."

काशिनाथने परत जाऊन उजव्या हातावर तीर्थ घेतलं. मी सोमवारी माठ पोचवला. तेव्हा पाहिलं, सावंतांनी खांबाला कोपराच्या उंचीवर गोणपाट गुंडाळलं होतं. ते कित्येक वर्षांपूर्वीही जमलं असतं. तसंच मलाही वर्षभरात एकदा मुलांच्या बाजूला जाऊन उभं राहणं जमलं असतं. धंद्यातला धडा एवढाच, आणि तो शिकवायला मला पगार मिळत होता.

पण त्या सोमवारच्या आधी शनिवार होता. काशिनाथचा वर्गातला शेवटचा दिवस. मी वर्गात गेलो आणि मुलांकडे पाठ करून उभा राहिलो. हेडमास्तर दारात येऊन थांबले. "वर्गाला पाठ?"

"हो सर. आता बरोबर शिकवतोय."

ते निघून गेले. खोका अजून बंदच होता, तेव्हा त्यांनाही फार बोलता येत नव्हतं. मी हात वर केले, एक म्हणायला तोंड उघडलं, आणि दुसरंच निघालं. तोंड फळ्याकडे होतं म्हणून सोपं गेलं असावं.

"काशिनाथ, चूक माझी होती आणि ती मी तुझ्या हातावर ढकलली. तुझ्या वडलांना चारचौघांत मान खाली घालावी लागली. मला माफ कर. सगळ्यांनीच करा."

मागून काशिनाथचा आवाज आला.

"सर, इकडे तोंड करून बोला ना. मागच्या पोरांना ऐकायला नाय आलं."

मी वळलो, त्यांच्याकडे तोंड केलं, आणि तेच सगळं पुन्हा म्हणालो.