पियानोच्या डावीकडे

कोलकात्यात गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जॅझ ऐकून लोकांनी जेवढ्या टाळ्या वाजवल्या असतील, त्यांतल्या निम्म्या आमच्या हिच्या मामांच्या आहेत, आणि त्यांतली एकही मामांनी आजवर स्वतःची म्हणून घेतलेली नाही. टाळ्या सुरू झाल्या रे झाल्या की ते आपल्या डबल बेसच्या आडून पियानोकडे बोट दाखवतात. पियानो नसेल तर सॅक्सोफोनकडे, तोही नसेल तर गाणाऱ्या बाईंकडे. एकदा बाकीचे सगळे स्टेजवरून उतरले होते आणि टाळ्या काही थांबत नव्हत्या, तेव्हा मामांनी वायर गुंडाळायला आलेल्या इलेक्ट्रिशियनकडे बोट दाखवलं. त्या गृहस्थांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि मामा समाधानानं घरी गेले.

मी बँकेच्या बदलीनं सहा वर्षांपूर्वी सॉल्ट लेकला आलो, तेव्हा ही मला म्हणाली होती, "इथे माझा मामा असतो. संगीतातला आहे." झब्बा, पान आणि अत्तर अशी तयारी मी मनातल्या मनात करून ठेवली. दार उघडलं तर समोर सत्तरीच्या घरातले एक किडकिडीत गृहस्थ, काळा सूट, बारीक टाय आणि पायांत कोल्हापुरी चपला. "बुटाची टाच वाजते, जावईबापू," माझी नजर पायांकडे गेलेली पाहून ते म्हणाले. "माइकमध्ये जातं ते. उगाच पुढच्या माणसाला त्रास." पुढच्या माणसाला त्रास नको, हे एवढं एक वाक्य पाठ केलं की मामा संपूर्ण समजले असं मानायला हरकत नाही.

डबल बेस ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. व्हायोलिन वाढत वाढत पुरुषभर उंच झालं आणि मग हनुवटीखाली मावेना म्हणून जमिनीवर उभं केलं, की झाला डबल बेस. जाडजूड चार तारा, त्या बोटांनी छेडायच्या, आवाज पार खर्जातला. तो वाजत असतो तेव्हा कोणाचं त्याच्याकडे लक्ष नसतं आणि थांबला की सगळ्यांना वाटतं, काहीतरी बिघडलं. मामा मूळ मिरजेचे, म्हणजे तंबोऱ्या-सतारींच्या गावचे, पण गावात असेपर्यंत त्यांनी एकाही तारेला बोट लावलं नव्हतं. ड्राफ्ट्समन म्हणून ते हावड्याच्या एका कारखान्यात लागले. तिथल्या एका साहेबांच्या निरोपाचं जेवण पार्क स्ट्रीटवरच्या रेस्टॉरंटात होतं, भर दुपारी. सगळा कारखाना गाणाऱ्या बाईंकडे टक लावून बघत होता, एकटे मामा बाईंच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघत होते. तो बेसवाला तीन महिन्यांनी कायमचा ऑस्ट्रेलियाला चालला होता. एवढं मोठं वाद्य तिकडे कुठे न्यायचं, या विवंचनेत तो होता आणि मामा आयतेच सापडले. तीन महिने जमेल तसं शिकवून तो बोटीवर चढला आणि बेस मामांच्या खोलीवर आला, तो आजतागायत तिथेच आहे.

ती खोली बागबाजारला. मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला या शहरानं एके काळी जो खंदक खणला, तो जिथून सुरू व्हायचा म्हणतात त्या बाजूला. घरमालक मोशाय खुशीत असले की मामांना 'बर्गी' म्हणतात, म्हणजे तेच ते, स्वारी करणारे मराठे. एवढा खंदक खणूनही तुम्ही वर येऊन राहिलातच, असा त्यांचा विनोद आहे आणि तो ते गेली तीस वर्षं दर महिन्याला नव्यानं करतात. नोकरीत असताना मामा या खोलीतून बेस घेऊन हावड्याला जायचे आणि कारखाना सुटला की तसेच परस्पर वाजवायला. प्रवास फेरीबोटीनं. खोळीत गुंडाळलेला बेस बाकावर आडवा ठेवायचा आणि आपण शेजारी उभं राहायचं. एकदा एका वयस्क बाईंनी त्या गुंडाळीकडे काळजीनं बघत विचारलं, "एनार की होयेछे?" यांना काय झालंय? मामा म्हणाले, काही नाही, संध्याकाळी काम आहे, म्हणून पडलेत जरा. बाईंनी तीर येईपर्यंत बेसला आपल्या पंख्यानं वारा घातला.

साथ करणं हा मामांचा धंदा नाही, ती त्यांची प्रकृती आहे. रस्त्यानं ते आपल्या अर्धं पाऊल मागे चालतात. आपण थांबून वाट पाहिली की तेही थांबतात. दारातून आत जायचं तर "तुम्ही व्हा पुढे", आणि समोरचाही तसाच सभ्य निघाला तर लिफ्ट दोनदा रिकामी वर जाऊन येते. फोटोंचा त्यांचा अल्बम बघावा. सत्तर-ऐंशी फोटो, आणि प्रत्येकात बेसची मान व एक कोपर. "हा मी," ते कोपरावर बोट ठेवून कौतुकानं सांगतात. गप्पांमध्ये ते स्वतः काही बोलत नाहीत, पण दुसऱ्याच्या बोलण्याला अशी काही साथ करतात की बोलणारा रंगात येतो. योग्य ठिकाणी एक "हं", थोडं थांबून "बरं", आणि अगदी ऐन वेळी "मग?" माझ्याविषयीच्या हिच्या तक्रारी एरवी पाच मिनिटांत आटपतात. मामा जेवायला आले की त्यांच्या त्या "मग?"वर त्या ताना घेत घेत तासभर चालतात, आणि शेवटी मलाच वाटायला लागतं, या माणसाबरोबर या बाईनं दिवस काढले तरी कसे!

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक वर्ष मामा आरतीला बेस घेऊन आले. गणपतीपुढे हे काय, म्हणून चार भुवया वर गेल्या. पण आमची आरती दरवर्षी शेवटाकडे जी धावत सुटायची, झांजवाले एकीकडे आणि म्हणणारे दुसरीकडे, ती त्या वर्षी पहिल्यांदा सगळ्यांची एकदम संपली. नेमकं काय झालं ते कोणालाच कळलं नाही. सेक्रेटरींनी नव्या झांजांचं कौतुक केलं. मामांनीही झांजांकडेच बोट दाखवलं.

आता डेरेकविषयी सांगायला हवं, कारण मामा चाळीस वर्षं ज्याच्या डावीकडे उभे राहिले तो पियानोवाला डेरेक. एंटालीला बहिणीबरोबर राहणारा, मामांहून दोन वर्षांनी मोठा, तोंडानं फटकळ आणि बोटांनी देवमाणूस. बेसवाला पियानोच्या डाव्या अंगाला उभा राहतो, म्हणजे त्याला पियानोवाल्याचा डावा हात दिसतो आणि पुढे काय येणार ते आधीच कळतं. मामा म्हणायचे, "डेरेकचं तोंड मला नीट आठवत नाही, पण डावा हात गर्दीत ओळखेन." मंडळानं एकदा रविवारी सकाळी या दोघांचा कार्यक्रम ठेवला. डेरेक वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकला. सेक्रेटरींनी घाबरून मामांना सांगितलं, तुम्ही सुरू तर करा. मामांनी सुरू केलं, म्हणजे पियानो आहे असं धरून आपला बेसचा भाग तेवढा वाजवला. धुम, धुम, धुम, धुम. जिथे पियानोची एकट्याची पाळी, तिथे ते रिकाम्या बाकाकडे बघून मान डोलवत उभे राहिले आणि ती पाळी संपल्यावर त्यांनी स्वतः टाळ्याही वाजवल्या. चाळीस मिनिटं हे चाललं. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी मला हळूच विचारलं, "छान चाललंय, पण गाणं केव्हा सुरू होणार?"

गेल्या हिवाळ्यात डेरेकला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा वाचली, पाय काठीच्या आधारानं चालू लागला, पण उजवा हात गेला तो गेलाच. मामा आमच्याकडे जेवायला आले, ही बोलत होती आणि मामांची साथ नव्हती. आमटी निवून गेली तरी त्यांचा हात भातातच होता. मग म्हणाले, "डेरेक पियानो देऊन टाकतोय. शाळेला. ईस्टरनंतर माणसं येतील न्यायला." थोड्या वेळानं म्हणाले, "पियानो गेला की तोही जाईल, मंजू. मी ओळखतो त्याला." हिचे डोळे भरून आले आणि मी उगाच पाणी आणायला उठलो.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी मी माझ्या छोट्या गाडीत बेस आडवा घालून मामांना एंटालीला नेऊ लागलो. पियानोवर औषधांच्या बाटल्या मांडलेल्या. डेरेक भिंतीकडे तोंड करून पडलेला. मामा त्यांच्या नेहमीच्या जागी, पियानोच्या डावीकडे उभे राहायचे आणि आपला भाग वाजवायचे, मधल्या जागा मोकळ्या सोडून. मंडळात मी ज्याला हसलो होतो तेच सगळं, पण इथे हसू येत नव्हतं. चौथ्या रविवारी डेरेक भिंतीशीच बोलल्यासारखा म्हणाला, "जागा कोणासाठी सोडतोस?"

"तुझ्यासाठी."

"माझा चाल वाजवणारा हात मेलाय. उरलाय तो डावा. आणि डावा खालचे सूर धरतो, ते तू करतोच आहेस. एकाच कामाला दोन माणसं कशाला?"

येताना मौलालीच्या सिग्नलला मामांनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाले, "जावईबापू, खरं बोलला तो. ती जागा मीच अडवून बसलोय." आणि सिग्नल सुटल्यावर, एखाद्या गुन्ह्याची कबुली द्यावी तशा आवाजात, "चाल मला वाजवावी लागणार."

हे वाक्य त्यांना किती जड गेलं असेल हे कळायला मामाच व्हायला हवं. पंचेचाळीस वर्षं गाण्याच्या तळाशी राहिलेला माणूस. शेकडो चाली कानाला पाठ होत्या, बोटांना एकही ठाऊक नव्हती. आमची ही लहानपणी शास्त्रीय गाणं शिकलेली. मामा डेरेकपाशी जे गाणं वाजवायचे, ते तिनं फोनवर पुन्हा पुन्हा ऐकून वहीत सारेगममध्ये उतरवून दिलं. ती वही खुर्चीवर टेकवून मामा बागबाजारच्या खोलीत वाद्यावर ओणवे होऊन, तारेच्या पार खालच्या टोकाला चढे सूर शोधू लागले. तिथे ते आयुष्यात कधी फिरकले नव्हते. पहिले काही दिवस जो आवाज निघाला तो ऐकून घरमालक मोशाय जिना चढून आले. "ए की हच्छे मोशाय?" हे काय चाललंय बुवा? ते म्हणाले, आणि तीस वर्षांत प्रथमच विनोद न करता खाली गेले. मामांच्या बोटांना नव्या जागी फोड आले. ही फोन करून विचारायची, "मामा, झालं का रे बसवून?" ते म्हणायचे, "चाल बसतेय गं. मी बसत नाहीये तिच्यात."

ईस्टरच्या आदल्या रविवारी आम्ही गेलो. मामा नेहमीच्या जागी गेले नाहीत. खोलीच्या मधोमध, पियानोकडे पाठ करून उभे राहिले. मग त्यांनी चाल सुरू केली. वाईट वाजवली, हो, प्रेमानं खोटं कशाला बोलू. दोन सूर चुकले, तिसरा घसरला, आणि तरी ते तसेच पुढे जात राहिले, एकटे, खाली काही आधार नसताना. डेरेकनं मान वळवली. ओळ संपली, दुसरी सुरू झाली, पुन्हा तोच सूर घसरला.

"बंद कर! उघड्यावर पडलायस तू!" डेरेक ओरडला आणि काठी शोधू लागला. बहीण धावली. तिनं बाटल्या उचलल्या, झाकण उघडलं. डेरेक बाकावर बसला, उजवा हात मांडीवर ठेवून दिला आणि डाव्या हातानं मामांच्या चालीखाली चार सूर एकामागून एक टाकले. धुम, धुम, धुम, धुम. मामांची पाठ मला दिसत होती. ती सरळ झाली. चाल काही चांगली झाली नाही, पण आता ती पडत नव्हती. दुसऱ्या फेरीला सवयीनं मामांची बोटं खालच्या सुरांवर घसरली, दोघेही तळाशी आणि वर कोणीच नाही, तेव्हा डेरेक जोरात म्हणाला, "वर हो! इथे मी आहे!" मामा वर गेले. डेरेकच्या बहिणीनं त्या बाटल्या पुन्हा पियानोवर ठेवल्या नाहीत.

गाडीत बसल्यावर मामांनी आधी पट्टा लावला. मग म्हणाले, "पुढे उभं राहिलं की मागचा माणूस दिसत नाही हो. पण तो आहे, हे पाठीला कळत राहतं. मी घसरलो तरी तो धरणार, असं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस वर्षं डेरेकला असं वाटत असेल? माझ्यामुळे?" मी म्हणालो, "वाटत असणारच, मामा." त्यांनी ते कोणावर तरी ढकलायला हात उचलला, गाडीत इकडेतिकडे पाहिलं, आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला.

पियानो न्यायला माणसं आली नाहीत. डेरेकनं शाळेला काहीतरी कारण कळवलं. आमच्या हिनं दुसरी वही आणली आहे. मामा आता शुक्रवारीच फोन करून विचारतात, रविवारी लवकर निघता येईल का? "घाई कसली मामा?" मी एकदा थट्टेत म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, "मला एवढ्याशा दोनच चाली येतात, जावईबापू, आणि आम्ही दोघंही आता म्हातारे."