गेल्या सालचा खलाशी

आमच्या आत्याने आयुष्यात कुणावर विश्वास ठेवल्याचं एकही उदाहरण थळच्या किनाऱ्यावर सापडणार नाही. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. नवरा लवकर गेला तशी माहेरी परतली आणि तेव्हापासून अलिबागच्या बाजारात मासळी विकते आहे. तिच्या मते हे जग रोज पहाटे उठून तिला फसवायच्या तयारीला लागतं, म्हणून ती जगाच्या अर्धा तास आधी उठते. घरात भिंतीवर दोन कॅलेंडरं आहेत, दोन वेगवेगळ्या छापखान्यांची, कारण एकट्या कॅलेंडरने संकष्टी सांगितली तर ती आत्याला पटत नाही. दोघांचं जमलं तरच उपास. बर्फवाल्याच्या लादीचा तुकडा तोंडात टाकून तो कुठल्या विहिरीचा आहे हे ती त्यालाच ऐकवते. डॉक्टरने दिलेली गोळी औषधाच्या दुकानदाराला दाखवते, दुकानदाराचं म्हणणं डॉक्टरच्या कंपाउंडरकडून तपासून घेते, आणि तिघांचं एकमत झालं की "तिघंबी मिलालेली हायेत" असं म्हणून गोळी फडताळात ठेवून देते. मोबाइलवर वादळाचा इशारा आला तर ती किनाऱ्यावर जाऊन समुद्राकडे अशी बघत उभी राहते, जसा काही समुद्रानेच येऊन खुलासा करायला हवा.

अशा बाईच्या घरात वाढून मला परदेशी जाऊन इंग्रजी शिकवायचं वेड लागावं, हा आम्हा दोघींवरही अन्यायच होता. अलिबागच्या एका इंग्रजी शाळेत मी सहा वर्षं शिकवत होते. दर जूनला नवं नेमणूकपत्र, दर एप्रिलला तीच धाकधूक. पुस्तकात बर्फ पडायचा, आगगाड्या बोगद्यांतून दुसऱ्या देशात जायच्या, आणि मी पुण्याच्या पलीकडे गेलेले नव्हते. तिशी आली होती. मला जायचंच होतं, याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं. वडील होडीवरून आले, पाय धुतले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या आत्याला इचार. ती हो बोलली तर जा." आई चुलीकडे बघत हसली, कारण आत्या कशालाही हो म्हणाल्याचं तिने लग्न होऊन आल्यापासून ऐकलेलं नव्हतं.

आत्याने मात्र नाही म्हटलं नाही. तिने कायदा सांगितला. आमच्याकडे मोसम सुरू व्हायच्या आधी होड्यांवर खलाशी भरतात. ज्याची होडी तो धनी आणि ती चालवणारा तो तांडेल. तांडेल स्वतः खलाशाच्या घरी येतो, ओटीवर बसतो, चहा पितो, आणि घरातली थोरली बाई त्याला तीन गोष्टी विचारते. "होरी कोनाची? तांडेल कसा? गेल्या सालचा खलाशी कुठं हाय?" यातला तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. गेल्या वर्षी त्या होडीवर राबलेल्या माणसाला गाठायचं, आणि जेवायला काय देतात, वारा फिरला की मागे वळतात का, माणूस आजारी पडला तर किनाऱ्याला आणून सोडतात का, हे सगळं त्याच्याकडून काढून घ्यायचं. मगच पोराला पाठवायचं. हा कायदा आत्याने जसाच्या तसा उचलून परदेशी शाळांना लावला. तांडेल ओटीवर येऊ शकत नाहीत एवढी एकच सवलत तिने दिली, तीही कुरकुरत.

माझ्या मुलाखती फोनच्या पडद्यावर व्हायच्या. आत्या फोनच्या बाजूला, पडद्यात दिसणार नाही अशी, मांडीवर सूप घेऊन सुकट निवडत बसायची. इंग्रजी तिला कळत नाही, पण खोटं बोलणारा कुठल्याही भाषेत श्वास चुकीच्या जागी घेतो असं तिचं म्हणणं आहे. संशय आला की ती सुपातली एक सुकट उचलून माझ्या अंगावर उडवायची. पहिल्याच मुलाखतीत माझ्या ओढणीत भाजीपुरती सुकट जमा झाली. समोर एक सर होते. मला 'डिअर' म्हणत होते, युरोपातल्या नोकरीबद्दल अभिनंदन करत होते, आणि मी अजून एकही प्रश्न ऐकलेला नव्हता. उभा फोटो मात्र दोनदा मागून झाला होता. त्यांच्या मागे काचेच्या उंच इमारती आणि निळंशार आकाश. आत्या कुजबुजली, "इचार, होरी कोनाची?" मी शाळेच्या मालकाचं नाव विचारलं. सर म्हणाले, ते गोपनीय असतं. मी ते हळूच मराठीत सांगितलं. "धन्याचं नाव तर होरीवर रंगवतात," आत्या म्हणाली. "त्याला बोल, खिरकी दाखव." सर खिडकी दाखवेनात. नेटवर्क जाईल म्हणाले, आणि तसं म्हणताना जरासे डावीकडे कलले. त्याबरोबर त्यांचा अख्खा कान एका इमारतीत शिरला आणि दिसेनासा झाला. आत्याने सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच पडद्यासमोर येऊन त्या सरांना मराठीत सांगितलं, "आदी कान शोद, मंग नोकरी दे."

दुसरे गृहस्थ खरोखरीचे, हात लावून बघता येतील असे होते. पनवेलला एका मिठाईच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. मे महिन्यात अंगात कोट, भिंतीवर विमानांची चित्रं. आत्या बाजारातून परस्पर आली होती, त्यामुळे तिच्याबरोबर मासळीची रिकामी पाटीही आली आणि त्या बंद थंडगार खोलीत आपलं अस्तित्व जाणवून देऊ लागली. गृहस्थ रुमाल नाकाशी धरून घाईने मुद्द्यावर आले. माझी पदवीची आणि बीएडची मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे ठेवायची, फक्त आठ दिवस. मी फाइल उघडलीसुद्धा होती. आत्याने तिच्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, "ठेवू की. आठ दिस तुमचा चश्मा आमच्याकं द्या." गृहस्थांचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. आत्या माझ्याकडे वळली. "बघ. आपली वस्तू कोनाला देववत नाय." आम्ही फाइल घेऊन जिना उतरलो. पुढे दिवाळीच्या खरेदीला गेले तेव्हा त्या जागी मोबाइलची कव्हरं विकत होते.

दोन्ही वेळा ती बरोबर ठरली, आणि हेच मला सहन होत नव्हतं. माझ्याच डोळ्यांत आता तिची नजर आली होती. कुठलीही जाहिरात वाचताना कुठे काय कुजलंय याचा वास मी आधी घ्यायचे. पगार जास्त दिसला की वाटायचं हे लुबाडणार, कमी दिसला की वाटायचं हे राबवणार, आणि पगार बरोबर वाटला तर हे फारच हुशार चोर दिसतात. अशाने मी जन्मभर थळ-अलिबाग करणार हे मला दिसत होतं.

मग जानेवारीत व्हिएतनाममधल्या एका लहानशा शाळेचं उत्तर आलं. समुद्राकाठचं गाव. मुख्याध्यापिकाबाई पडद्यावर आल्या त्या केस विस्कटलेल्या, हातात वाडगा, काहीतरी खातच. माझं कौतुक वगैरे काही नाही. "समजा मी आठ वर्षांची आहे, मला 'भरती' आणि 'ओहोटी' शिकवा," म्हणाल्या. मी शिकवलं, आणि शिकवता शिकवता विसरूनच गेले की ही मुलाखत आहे. त्यांनी मी न मागता फोन फिरवून वर्ग दाखवला, खिडकी दाखवली, खिडकीबाहेर वाळत घातलेली मासळी दाखवली. अख्ख्या मुलाखतीत माझ्या अंगावर एकही सुकट आली नाही. फोन बंद झाल्यावर मी आत्याकडे आशेने बघितलं. ती सुपातला कचरा काढत म्हणाली, "बाई बरी हाय. पन मोसमाच्या मदीच मानूस कशाला भरतंय?"

तिचं गणित साधं होतं. आमच्याकडे मोसमाच्या मध्यात होडी खलाशी शोधायला लागली, तर आधीचा एकतर पळालेला असतो नाहीतर बुडालेला. जानेवारीत शाळा बाई शोधते म्हणजे आधीच्या बाईचं काय झालं? मी समजावलं की शाळा आणि होडी यांत फरक असतो. तिला फरक दिसेना. शेवटी तिने माझ्या शेजारी बसून मला पत्र लिहायला लावलं की, आधीच्या शिक्षिका कुठे गेल्या, आणि त्यांच्याशी बोलायला मिळेल का. हातात आलेल्या शाळेला कोणी असं विचारतं का? मी लाजेने अर्धमेली होऊन ते पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला. मी आत्याशी बोलणं टाकलं, तिच्या हातचं कालवण खाणं टाकलं, आणि एका दुपारी ओटीवर उभी राहून ओरडले, "तुला मी जायलाच नकोय, म्हणून हे सगळं!" आत्या जाळ्याची तुटकी दोरी गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "नकोच हाय. तो इषय येगला. इचारायचं ते इचारायचंच."

दहाव्या दिवशी उत्तर आलं. आधीच्या शिक्षिका बाळंतपणासाठी आपल्या घरी गेल्या होत्या, त्यांना विचारून नंबर पाठवायला उशीर झाला, असं मुख्याध्यापिकाबाईंनी कळवलं होतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी केला नव्हता, अशी एक ओळही शेवटी होती. नंबर गोव्याचा निघाला. मी फोन लावला आणि दोन मिनिटांत तो माझ्या हातातून गेला. त्या बाई कोकणीत, आत्या तिच्या भाषेत, मागे तान्हं बाळ टाहो फोडतंय. चांगला पाऊण तास आत्या बाळंतिणीने कुठली मासळी खावी आणि कुठली खाऊ नये यावरच बोलली. शाळेचं नावही तिने काढलं नाही. मी कपाळाला हात लावला. पण फोन ठेवल्यावर तिने सांगितलं की खोलीत पाणी चोवीस तास आहे, घरमालकीण भांडकुदळ पण मनाची चांगली, पगार वेळेवर होतो, आणि या बाईला ताप आला तेव्हा मुख्याध्यापिका स्वतः भाताची पेज घेऊन तीन दिवस येत होती. "रडनारं पोर कडेवर घेऊन कोन खोटं बोलत नाय," आत्या म्हणाली. मग सूप उचलून आत जाता जाता, "जा," एवढंच.

फेब्रुवारीत ती मला रेवसच्या धक्क्यापर्यंत सोडायला आली. तिथून लाँचने मुंबई, पुढे विमान. सात पिशव्यांत गुंडाळलेले सुके बोंबील तिने माझ्या बॅगेत कोंबले, लाँचचं इंजिन परवा बंद पडलं होतं का हे तिथल्या खलाशाला विचारलं, तो नाही म्हणाला तर दुसऱ्याला विचारलं. मला वाटलं आता तिसऱ्याला विचारणार. पण लाँच सुटायला आली तेव्हा तिने माझा हात धरून त्या पहिल्याच, नावगाव माहीत नसलेल्या खलाशाच्या हातात दिला आणि म्हणाली, "आमची पोर हाय. नीट ने." एवढं बोलून ती मागे वळली. माणसाची चौकशी न करता तिने कुणाच्या हातात काही सोपवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि भाऊचा धक्का येईपर्यंत मला रडू आवरलं नाही.

आता इथे मला दुसरं वर्ष चालू आहे. नवी माणसं भरताना शाळा माझा नंबर देते, म्हणजे गेल्या सालचा खलाशी आता मी आहे. नोकरीसाठी यायला निघालेली मुलं फोन करतात, सुट्ट्या विचारतात आणि माझ्यावर लगेच विश्वास ठेवतात. मला ते आवडत नाही. घरात कोणी मोठं माणूस असेल तर त्यांना फोन द्या, असं मीच सांगते. आत्याला दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. तिचा पहिला प्रश्न गेली दीड वर्षं ठरलेला होता. "खिरकी दाखव." मी समुद्र दाखवायचे, ती निरखून बघायची, आणि मगच बोलायला सुरुवात व्हायची.

परवाच्या रविवारी तिने खिडकी मागितली नाही. आई मागून म्हणाली, हल्ली आत्या एकाच कॅलेंडरकडे बघून उपास धरते. डॉक्टरची गोळी दिली की मुकाट्याने घेते. मी थांबले, वाट बघितली, आणि मग स्वतःच फोन खिडकीकडे फिरवला. "आत्या, बघ तरी. पाणी ओहोटीचं आहे." तिने पडद्याकडे नीट बघितलंही नाही. "असंल गो बाय," ती म्हणाली. "तू बोलतंस म्हंजे असंल."

हे वाक्य तिच्या तोंडून एकदा तरी ऐकावं म्हणून मी जन्मभर तिच्याशी भांडत आले होते. मी फोन तसाच खिडकीशी धरून ठेवला आणि म्हटलं, "तसं नाही, आत्या. नीट बघ. मी खोटं बोलत असेन."